आइस्ड टीचे यंत्र : आधी पाणी चढेना, आता तापतही नाही

फुलपात्र
७ जून, सकाळी ९.२०

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला राहायला आल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, आमच्या ओट्यावर आइस्ड टी करण्याचे एक साधे घरगुती यंत्र आहे. येथे मे महिन्यात उन्हाळा जो ठाण मांडून बसतो तो सप्टेंबर उलटला तरी उठत नाही, त्यामुळे सकाळचा आल्याचा चहा झाला की उरलेला दिवस या यंत्रावरच निघतो. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की मागे पाण्याची टाकी, वर चहापत्तीचा गाळणीवजा खण आणि त्याखाली दोन क्वार्टांचा, म्हणजे सुमारे १.९ लिटरचा जग, एवढाच त्याचा संसार आहे. टाकीत एक लिटर पाणी ओतायचे, जगात खुणेपर्यंत बर्फ भरायचा आणि बटण दाबायचे. उकळते पाणी पत्तीवर पडते, कडक चहा थेट बर्फावर उतरतो आणि पाणी संपले की यंत्र आपणहून बंद होते.

नवे असताना या सगळ्याला आठ मिनिटे लागत असत. गेल्या वर्षभरात ही वेळ वाढत वाढत २५ मिनिटांवर गेली. मध्येच आतून ‘टिक्’ असा आवाज येई, मग मिनिटभर शांतता, पुन्हा ‘टिक्’ आणि पुन्हा खळखळ. खणातून वाफ भरपूर निघे, पण पाणी मात्र थेंबथेंब पडे, आणि टाकीत उलटे बुडबुडे येताना दिसत. दोन आठवड्यांपूर्वी मी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घालून एकदा फिरवले, तरी काही फरक जाणवला नाही. परवा तर बटण दाबल्यावर दिवा लागला, परंतु दहा मिनिटांनीही पाणी होते तसे थंडच राहिले.

यंत्राची हमी केव्हाच संपली आहे. विजेच्या वस्तूंची मला भीती नाही, कारण घरातले मिक्सर आणि इस्त्री मी स्वतः उघडून दुरुस्त केलेली आहे, आणि मल्टिमीटरही घरात आहे. हे यंत्र उघडण्याजोगे असते का, आणि उघडल्यावर नेमके काय तपासावे?

पेचकस
७ जून, दुपारी १२.०५

उघडण्याजोगे निश्चित आहे, आणि आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे.

या यंत्रात पंप नसतो, हे आधी ध्यानात घ्यावे. तळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा एक जाड तुकडा असतो. त्यात शेजारी शेजारी दोन पोकळ्या असतात. एकीत तापणारी तार भुकटीत घट्ट बसवलेली असते आणि दुसरीतून पाणी जाते. टाकीतले पाणी स्वतःच्या वजनाने या नळीत उतरते, तेथे उकळते, आणि वाफेचे बुडबुडे आपल्या पुढचे पाणी ढकलत ढकलत उभ्या नळीतून वर खणापर्यंत नेतात. बुडबुड्याने मागे टाकीकडे पळू नये म्हणून टाकीच्या तोंडाशी एकमार्गी झडप असते. बहुतेक यंत्रांत ती म्हणजे वाटाण्याएवढी गोळी किंवा सिलिकॉनची एक पातळ जीभ असते. टाकीत उलटे बुडबुडे दिसणे म्हणजे ही झडप मिटत नाही, आणि ती न मिटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तिच्याखाली अडकलेला क्षाराचा कण.

आता ‘टिक्’ या आवाजाविषयी. ॲल्युमिनियमच्या नालेवर रुपयाएवढी एक गोल चकती स्क्रूने आवळलेली असते, तो थर्मोस्टॅट. नाल मर्यादेपलीकडे तापली की तो वीज तोडतो, निवली की पुन्हा जोडतो. पाणी संपल्यावर नाल झपाट्याने तापते आणि तो सुटतो, यंत्र ‘आपणहून’ बंद होते त्याचे रहस्य एवढेच. मात्र नळीच्या आतून चुनखडीचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, नळीत पाणी असूनही नाल अवास्तव तापते, आणि थर्मोस्टॅट चहा होत असतानाच पुन्हा पुन्हा सुटतो. आपल्या २५ मिनिटांचा हिशेब तेथे लागतो. आपल्या यंत्राच्या तळावर ९०० वॅट लिहिलेले असेल असे धरले, तर एक लिटर पाणी २० अंशांवरून ९५ अंशांवर नेण्यास सुमारे पावणेसहा मिनिटे लागतात. वाफेतली आणि इतर घट धरून आठ मिनिटे ठीक. त्यापुढचा सारा वेळ यंत्र तापत नव्हते, थांबून निवत होते.

वर्षभर असे चालले की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू जळून निकामी होतात, किंवा ते एकमेकांना चिकटतात आणि वीज तुटतच नाही. दुसरी गोष्ट घडली तर शेवटचा पहारेकरी म्हणून नालेला टेकवून ठेवलेला थर्मल फ्यूज जातो, आणि तो एकदा गेला की गेला. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, यावरून माझा संशय त्या फ्यूजवरच आहे.

प्लग काढून, यंत्र पूर्ण निवल्यावर आणि टाकी रिकामी करून ते उलटे करावे. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात आणि त्यातला एखादा मुद्दाम त्रिकोणी खाचेचा असतो. त्याचे पाते वेगळे मिळते, पकडीने ओढाताण करून डोके खराब करू नये. आत गेल्यावर तारा सोडवण्याआधी फोनवर छायाचित्र घ्यावे. मग मल्टिमीटरने तीन मापे घ्यावीत : तापणाऱ्या तारेच्या दोन टोकांमध्ये, थर्मोस्टॅटच्या दोन टोकांमध्ये आणि फ्यूजच्या दोन टोकांमध्ये. १२० व्होल्ट आणि ९०० वॅट असतील तर तारेचा रोध १६ ओहमच्या आसपास यावा. थर्मोस्टॅट आणि फ्यूज थंड असताना दोन्ही जोडलेले, म्हणजे जवळपास शून्य ओहम दाखवतील.

चहाटळ
७ जून, दुपारी २.४८

ताई, एवढा खटाटोप कशासाठी करता? पातेल्यात पाणी उकळावे, पत्ती घालावी, पाच मिनिटांनी गाळावे आणि बर्फावर ओतावे. आमच्या घरी यंत्राशिवाय हेच चालते आणि उघडून पाहण्यासारखे त्यात काहीही नसते. आणि यंत्रच हवे असेल, तर फ्यूज मिळेपर्यंत त्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडल्या तरी काम होते. आमच्या एका मित्राने कॉफीच्या यंत्राला हेच केले होते आणि ते वर्षभर चालले.

पेचकस
७ जून, दुपारी ३.३०

पातेल्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. तारा पिळण्याबद्दल मात्र आहे, आणि ते मी कोणताही आडपडदा न ठेवता लिहितो. हे कोणीही करू नये.

ज्या यंत्रात थर्मल फ्यूज गेला आहे त्यातला थर्मोस्टॅट बहुधा चिकटलेला असतो, म्हणजे पहिला पहारेकरी झोपलेला आहे. दुसराही काढून टाकला, तर पाणी संपल्यानंतर ९०० वॅटची नाल कोरडी तापत राहील, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर प्लॅस्टिकचा तळ आहे. मित्राचे यंत्र वर्षभर चालले कारण त्याचा थर्मोस्टॅट शाबूत होता, एवढाच त्याचा अर्थ. हे यंत्र लावून माणूस दुसऱ्या खोलीत जातो, ते आपोआप बंद होईल या भरवशावरच आपण ते घेतलेले असते.

चहाटळ
७ जून, दुपारी ३.५५

मान्य. माझा सल्ला मागे घेतो. पातेले मात्र मागे घेत नाही.

रसायनी
७ जून, रात्री ९.१०

यंत्राच्या आतले श्री. पेचकस यांनी सांगितले आहे, मी पाण्याविषयी लिहिते, कारण मूळ दुखणे तेथे आहे.

सॅन अँटोनियोचे बरेचसे पाणी एडवर्ड्स जलधरातून, म्हणजे चुनखडकाच्या भेगांतून येते. तेथील पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे प्रमाण, गॅलनला १५ ते २० ग्रेन सांगितली जाते. गॅलनला एक ग्रेन म्हणजे लिटरला सुमारे १७ मिलिग्रॅम, तेव्हा हे प्रमाण लिटरला अडीचशे ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात जाते. आपण शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणत होतो ते हेच. हे पाणी तापले की त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे नेमके त्या नळीत, चिकटते. याउलट अटलांटाच्या परिसरातील पाणी ग्रॅनाइटी खडकांवरून येणारे आणि बरेच मऊ आहे. माझी बहीण तेथे राहते आणि तिचे असेच यंत्र नऊ वर्षांत एकदाही उघडावे लागलेले नाही.

व्हिनेगर एकदा फिरवून फरक का पडला नाही, याचेही कारण आहे. बाजारातले पांढरे व्हिनेगर म्हणजे ५ टक्के ॲसेटिक आम्ल. त्यात तेवढेच पाणी घातले की अडीच टक्के उरते, आणि ते नळीतून काही सेकंदांत उकळून निघून जाते. वर्षानुवर्षे बसलेल्या थराला तेवढा सहवास पुरत नाही. अर्धे द्रावण वर चढले की यंत्र बंद करून अर्धा तास थांबावे, मग उरलेले चढवावे. त्यापेक्षा लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, बरे, कारण त्याला वास नाही आणि ते स्वस्तही पडते. एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, पुरे होते. मात्र आम्ल ॲल्युमिनियमलाही खाते, म्हणून रात्रभर भरून ठेवू नये. अर्धा-पाऊण तास ही मर्यादा समजावी.

आणि एक विनंती आहे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालून ‘फसफसवण्याचा’ उपाय कोणी सुचवला तर तो करू नये. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि थर हसत बसतो. कपडे धुण्याचे ब्लीच तर या यंत्राच्या जवळपासही आणू नये. व्हिनेगरशी त्याची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो.

पेठेतला
८ जून, सकाळी ७.१५

धाग्यात शिरतो, कारण माझाही प्रश्न याच यंत्राचा आहे. मुलगी पुढच्या महिन्यात टेक्सासहून पुण्यास येताना तिचे असेच यंत्र आम्हास देऊन जाणार आहे. येथे प्लगचे कन्व्हर्टर शंभर रुपयांत मिळते. त्यावर ते चालेल काय?

पेचकस
८ जून, सकाळी ८.०२

ते शंभर रुपयांचे साधन फक्त पिनांचा आकार बदलते, विजेचा दाब बदलत नाही. १६ ओहमच्या तारेला १२० व्होल्ट दिले की ९०० वॅट निघतात. तिलाच पुण्याचे २३० व्होल्ट दिले तर ३३०० वॅट निघतील, म्हणजे साडेतीनपटीहून अधिक. प्रवाह चौदा अँपिअरच्या पुढे जाईल. आपले नशीब चांगले असेल तर थर्मल फ्यूज अर्ध्या मिनिटात जाईल.

खराखुरा दाब उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर, तोही १५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा), लावला तर यंत्र बिनघोर चालेल. त्यात मोटर नसल्याने ५० आणि ६० हर्ट्झचा फरक आड येत नाही. परंतु तो ट्रान्स्फॉर्मर यंत्रापेक्षा महाग आणि कितीतरी जड असतो. मुलीने त्या जागेत सुटकेसमध्ये दुसरे काही आणावे, असे मी सुचवेन.

अर्धा कप
८ जून, सकाळी ११.४०

नळी तुंबण्याचा एक प्रकार वर आलेला नाही, म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी माझे मामा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. बिनदुधाचा गार चहा हे त्यांच्या लेखी आजारपणाचे लक्षण होते. आम्ही कामावर गेल्यावर त्यांनी यंत्राचा अभ्यास केला आणि टाकीत पाण्याऐवजी अर्धे दूध, अर्धे पाणी आणि चार चमचे साखर घालून बटण दाबले. संध्याकाळी घर उघडले तेव्हा खरवस जळाल्यासारखा वास येत होता. दूध नळीत करपले होते, आणि आम्लाने ते काही केल्या निघेना. शेवटी गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि खाण्याचा सोडा घालून तीन दिवस भिजवत आणि लवचीक ब्रशने घासत बसलो. यंत्र वाचले, पण पहिले दहा-बारा जग चहाला बासुंदीचा भास होता.

तेव्हा टाकीत पाण्याखेरीज काहीही घालू नये. उरलेला चहा पुन्हा गरम करण्यासाठी टाकीत ओतणारेही मी पाहिले आहेत.

फुलपात्र
१० जून, रात्री ८.३५

आज यंत्र उघडले. चार स्क्रू रबरी पायांखाली होते, पाचवा त्रिकोणी खाचेचा निघाला, त्यासाठी पाते मागवावे लागले म्हणून दोन दिवस गेले.

मापे अशी आली. तापणारी तार : १६.३ ओहम. थर्मोस्टॅट : जोडलेला. फ्यूज : पूर्ण तुटलेला. एकाच पांढऱ्या काचधाग्याच्या नळकांडीत दोन फ्यूज एकापुढे एक होते, त्यातला एक गेला आहे, दुसरा ठीक आहे. गेलेल्यावर २४० अंश आणि १० अँपिअर असे बारीक अक्षरांत छापलेले आहे.

खरी पाहण्यासारखी गोष्ट नळीत होती. दोन्ही रबरी नळ्या काढून टॉर्चने पाहिले, तर बोट जाईल एवढ्या तोंडाच्या आत जेमतेम पेन्सिलीचे शिसे जाईल एवढीच वाट उरली होती. बाकी सगळा पांढरट पिवळा थर, गिलाव्यासारखा, आणि त्याच्यावर चहाच्या रंगाची पुटे. झडपेची गोळी काढायला गेले तर तिच्याखालून तांदळाच्या कणीएवढा खडा पडला. इतके दिवस मी यंत्राला दोष देत होते.

नाल उभी धरून, तिच्या खालच्या तोंडाला बूच लावून, लिंबूसत्वाचे कोमट द्रावण लहान नरसाळ्याने भरले. लगेच सोडावॉटरसारखे फसफसू लागले. वीस मिनिटांनी ओतले, तेव्हा गढूळ पाण्याबरोबर अंड्याच्या टरफलासारखे चपटे तुकडे बाहेर आले. असे तीनदा केले. तिसऱ्या वेळी फसफसणे जवळजवळ थांबले आणि आतून राखाडी धातू दिसू लागला. एकदा चाळीस मिनिटे ठेवण्याऐवजी वीस-वीस मिनिटांनी द्रावण बदलले, ते योग्य झाले का?

रसायनी
१० जून, रात्री ९.२०

योग्यच झाले. आम्ल वापरले जाते तसे थंडावते, म्हणून ताजे द्रावण घेणे केव्हाही चांगले. फसफसणे थांबले की थांबावे, कारण त्यापुढे आम्लाला खाण्यास ॲल्युमिनियमच उरते.

पेचकस
११ जून, सकाळी ७.५०

आता फ्यूजविषयी, आणि येथे घाई करू नये.

नवा फ्यूज त्याच तापमानाचा, तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा आणि त्याच दाबाचा घ्यावा. ‘जवळचा मिळाला’ म्हणून जास्त तापमानाचा घेऊ नये. दोन-चार डॉलरांत पाच-दहा फ्यूजांचे पाकीट मिळते. दोन्ही फ्यूज बदलावेत, कारण दुसऱ्यानेही तेवढेच चटके सोसले आहेत.

फ्यूजला डाख देऊ नये. त्याच्या आत मेणासारखी गोळी असते, ती वितळली की स्प्रिंग सुटते आणि जोड तुटतो. डाख देण्याची उष्णता तारेतून आत पोचली की नवा कोरा फ्यूज हातातच मरतो, आणि आपण दुसरा दोष शोधत बसतो. माझे असे दोन फ्यूज गेले आहेत. तारा धातूच्या नळकांडीत घालून पकडीने दाबून बसवाव्यात, आणि हे नळकांडे उष्णता सोसणारे, प्लॅस्टिकचे आवरण नसलेले असावे. तार वाकवायची असेल तर फ्यूजच्या अंगापासून तीनएक मिलिमीटर सोडून, पकडीचा आधार देऊन वाकवावी. काही फ्यूजांचे धातूचे अंग स्वतः जिवंत असते, म्हणजे त्यात वीज असते, म्हणून काचधाग्याचे नळकांडे पुन्हा चढवल्याशिवाय तो नालेजवळ नेऊ नये. शेवटी मूळ पट्टीखाली तो नालेला घट्ट टेकलेला हवा. लोंबकळणारा फ्यूज असून नसल्यासारखा आहे.

थर्मोस्टॅट जोडलेला आहे असे आपण लिहिता, परंतु थंड असताना तो जोडलेला असणारच. तो सुटतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि ज्याअर्थी फ्यूज गेला त्याअर्थी मला शंका आहे. तोही बदलावा. त्याच्या कडेवर तापमान कोरलेले असते.

पहिला पाऊस
११ जून, दुपारी १.१५

आमचे यंत्र उत्तम तापते, तरी खणातून पाणी कडेने सांडते आणि चहात पत्तीचा गाळ येतो. नवी गाळणी घेतली, कागदी फिल्टरही लावला, तरी तेच. आम्ही भारतीय दुकानातून आणलेली नेहमीची चहापावडर वापरतो.

पेचकस
११ जून, दुपारी १.४०

दोष पावडरीतच आहे. आपली दुधाच्या चहाची पत्ती सीटीसी प्रकारची, म्हणजे बारीक दाणेदार असते. ती भिजून फुगते, गाळणीची भोके बुजवते, आणि वरून येणाऱ्या पाण्याला कडेने वाट काढावी लागते. येथे मोठ्या पानाची पत्ती किंवा चहाच्या पिशव्या वापराव्यात. पिशव्यांच्या दोऱ्या आणि चिठ्ठ्या मात्र कापून टाकाव्यात. खणाच्या तळातल्या भोकात चिठ्ठी जाऊन बसली की तिथेही हाच प्रकार होतो, आणि तो शोधायला मला एकदा अख्खी दुपार लागली होती.

फुलपात्र
१५ जून, संध्याकाळी ६.३०

दोन्ही फ्यूज आणि थर्मोस्टॅट बदलले. जुना थर्मोस्टॅट उत्सुकतेपोटी फोडून पाहिला, तर आतला एक संपर्कबिंदू काळा पडून दुसऱ्याला चिकटला होता, म्हणजे श्री. पेचकस यांचा तर्क अक्षरशः खरा निघाला. यंत्र जोडून आधी चहाविना दोनदा साधे पाणी फिरवले. पहिल्या वेळी समोर उभी राहिले. आठ मिनिटे दहा सेकंदांत टाकी रिकामी झाली, त्यानंतर काही क्षणांत ‘टिक्’ झाले आणि दिवा विझला. टाकीत एकही उलटा बुडबुडा दिसला नाही.

आता एकच तक्रार उरली आहे, आणि ती यंत्राची नसावी. चहा बर्फावर उतरला की छान तांबूस दिसतो, पण फ्रिजमध्ये तासभर ठेवला की ताकासारखा गढूळ होतो आणि वर पातळ तवंग धरतो. शिवाय चव थोडी पाणचट वाटते. पूर्वी असे होत होते का, हे आता आठवत नाही, कारण २५ मिनिटे वाट पाहिल्यावर जे मिळे ते आम्ही गोड मानून घेत होतो.

रसायनी
१५ जून, रात्री १०.०५

गढूळपणा चहाच्या गुणामुळे येतो. चहातली पॉलिफेनॉल आणि कॅफीन गरम पाण्यात सुखाने वेगळी राहतात, थंडीत मात्र एकमेकांना धरून बसतात, आणि तेच कण गढूळ दिसतात. पाण्यात कॅल्शियम असेल तर हे अधिक होते, आणि वरचा तवंगही त्याचाच. एका पेल्यात थोडे उकळते पाणी घालून पाहावे, गढूळपणा लगेच विरतो. अमेरिकेच्या दक्षिणेत एक जग भरून केलेल्या चहाला चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत आहे. त्याने तुरटपणा जातो, पण रंग गडद होतो, आणि चिमूट मोठी झाली तर चव साबणासारखी लागते. मला लिंबू पिळणे बरे वाटते. त्याने रंग उजळतो आणि त्यातले सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरूनही ठेवते.

पाणचटपणाचा हिशेब मात्र सोपा आहे. ९० अंशांचा एक किलो चहा ५ अंशांवर आणण्यासाठी जवळजवळ एक किलो बर्फ वितळावा लागतो, कारण एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल उष्णता घेतो आणि एक ग्रॅम पाणी ८५ अंश निवताना ३५६ ज्यूल देते. म्हणजे आपण पितो त्यातले निम्मे पाणी बर्फाचे असते. म्हणून पत्ती नेहमीच्या दुप्पट घालावी लागते. यंत्रावरचा ‘कडक’चा खटका पाणी खणात थोडे अधिक रेंगाळू देतो, पत्तीची उणीव तो भरून काढत नाही. पूर्वी आपले पाणी २५ मिनिटे थेंबथेंब पडत होते, तेव्हा पत्ती आपोआपच जास्त वेळ भिजत होती. यंत्र दुरुस्त झाल्यामुळे चहा फिका झाला, असे हे प्रकरण आहे.

चहाटळ
१५ जून, रात्री १०.३०

पातेल्यात ही अडचण कधी आली नाही, एवढे नम्रपणे नोंदवतो.

फुलपात्र
१७ जून, सकाळी ८.४५

पत्ती दुप्पट केली आणि ओट्याखालच्या आरओ गाळणीचे पाणी घेतले. चहा कडक झाला आणि संध्याकाळपर्यंत बराचसा निवळ राहिला. बर्फ मात्र अजून नळाच्याच पाण्याचा आहे, तोही बदलून पाहते. पुढे देखभालीसाठी किती दिवसांनी काय करावे, हे कोणी सांगावे.

पेचकस
१७ जून, सकाळी ९.३०

आपण रोज एक-दोन जग करीत असाल आणि नळाचे पाणी वापरणार असाल, तर दर महिन्याला लिंबूसत्व. आरओचे पाणी वापरणार असाल तर उन्हाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. परंतु दिनदर्शिकेपेक्षा घड्याळ पाहावे. आज आठ मिनिटे लागतात, ती दहा झाली की त्याच दिवशी साफ करावे. ‘टिक्’ ऐकू येण्याची वाट पाहू नये.

काम झाल्यावर टाकीचे झाकण उघडे ठेवावे, कारण ओलसर काळोखात बुरशी धरते. जगावरचे तांबूस डाग खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने मऊ फडक्यानेच काढावेत. तारेच्या घासणीने प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचे डाग त्यातच घर करतात. केलेला चहा दिवसभर ओट्यावर ठेवू नये, आठ तासांच्या आत संपवावा किंवा टाकावा. साखर घातलेला असेल तर त्याहूनही लवकर.

रसायनी
१७ जून, सकाळी ९.५०

खण आणि गाळणी रोज धुवावी, ही भर घालते. ओली पत्ती रात्रभर खणात राहणे मला झडपेतल्या खड्याहून अधिक खटकते.

अर्धा कप
१७ जून, दुपारी १२.२०

सिलिकॉनच्या नळ्या परत बसवताना जुन्याच चिमट्या वापरल्यात का? आमच्या मामाप्रकरणात मी जुन्या वापरल्या आणि महिनाभराने तळाशी थेंब दिसू लागले.

फुलपात्र
१७ जून, रात्री ९.१५

जुन्याच वापरल्या, पण नळीची टोके बोटाच्या पेराएवढी कापून ताज्या भागावर चिमटे बसवले. यंत्राखाली कागदी रुमाल घालून ठेवला आहे, तीन दिवस कोरडा आहे. उरलेले आठ फ्यूज, त्रिकोणी पाते आणि जुना चांगला फ्यूज अशी सर्व सामग्री बरणीत घालून ठेवली आहे.

पेचकस
१८ जून, सकाळी ७.३०

बरणीतला जुना फ्यूज काढून टाकावा. दोन वर्षांनी तोच नवा समजून बसवाल.

फुलपात्र
१८ जून, सकाळी ८.१०

टाकला.